बुआवानची साडेतीन तासांची फेरी

अख्खं व्हिएन्तियान, लाओसची राजधानी, दाखवायला बुआवानला साडेतीन तास पुरायचे. त्यातली वीस मिनिटं नारळपाण्याची. सकाळी साडेआठला नदीकडच्या रस्त्यावरून निघायचं, आधी सी साकेतचं देऊळ, रस्ता ओलांडून हो फ्रा केवचं जुनं देऊळ, मग पातुसायची कमान आणि शेवटी थात लुआंगचा सोनेरी स्तूप. बारा वाजता पाहुण्यांना हॉटेलच्या दारात सोडलं, की नेहमीच्या रिक्षावाल्याच्या, सेंगदावच्या टुकटुकमध्ये मागच्या बाकावर बसून ती चिकट भाताची टोपली उघडायची. गेली सव्वीस वर्षं हेच चाललं होतं.

वय बावन्न. अंगावर गाइडचा निळा सदरा आणि खाली घरी विणलेला सिन, लुंगीसारखा गुंडाळायचा. इंग्रजी चांगलं, फ्रेंच कामापुरतं. चिनी येत नव्हतं, आणि आता चीनहून रेल्वे आल्यापासून येणारे बहुतेक पाहुणे चिनीच. त्यामुळे टूर कंपनीच्या ऑफिसातून आठवड्याला दोन फेऱ्या मिळाल्या तरी नशीब म्हणायचं.

मुलगा एकच, ताविसाक. जन्मला भर पावसात, आणि रडायचा असा की घरात सगळे त्याला कॉप म्हणजे बेडूक म्हणू लागले. तो चार वर्षांचा असताना त्याचा बाप कामाला म्हणून नदीपलीकडे थायलंडात गेला तो तिकडचाच झाला. पोराला ठेवायचं कुणाकडे? म्हणून बुआवान त्याला फेरीला बरोबर न्यायची. दहा वर्षांचा होईतो त्याला तिची सगळी फेरी पाठ झाली होती. पुढे तो शिकला, चिनी शिकला, आईपेक्षा बरं इंग्रजी बोलायला लागला. तेविसाव्या वर्षी उत्तरेकडे सरहद्दीजवळच्या एका कंपनीत दुभाष्याची नोकरी मिळाली म्हणून बसमध्ये बसला. बुआवानने शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवायला घातलं होतं त्या दिवशी.

पहिले तीन महिने रोज फोन. मग महिन्याला एक. तोही असा, की शेजारी कुणीतरी उभं असावं. एकदाच घाईघाईत बोलला, "आई, इथे दुभाष्याचं काम नाही. फोनवरून लोकांना मेसेज लिहायचे. बाई बनून. दार बाहेरून बंद असतं. तू काही विचारू नकोस." एवढं बोलून फोन कट. त्यानंतर आठ महिने काहीच नाही. नंबर लावला तर तो अस्तित्वातच नाही असं ऐकू यायचं.

मे महिन्यातल्या एका सकाळी ऑफिसातल्या मुलीने फोन केला. "मावशी, एक म्हातारा आलाय. ऑस्ट्रेलियाचा. फेरी तुमच्याचबरोबर करायची म्हणतोय. नाव घेऊन सांगतोय, बुआवानच पाहिजे."

सेंगदावने हे ऐकलं आणि टुकटुकचा आरसा तिच्याकडे वळवला. "ताई, आता परदेशातून मागणी यायला लागली. जरा पावडर लावा."

"तू तुझ्या गाडीला लाव. गंज दिसतोय."

पण मनातून ती सुखावली होती. कुणीतरी आठवण ठेवून मित्राला नाव सांगितलं असणार.

लेनर्ड नावाचा तो माणूस सत्तरीकडे झुकलेला, उंच, थोडा पोक काढून चालणारा. शर्ट नवा, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. हातात एक चपटं खोकं, रिबीन बांधलेलं. ते टुकटुकमध्ये ठेवा म्हटलं तर नको म्हणाला. तास्मानियात तीस वर्षं शाळेची बस चालवली, बायको तीन वर्षांपूर्वी गेली, एवढं त्याने पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलं. एकटी माणसं सांगतात तसं.

सी साकेतच्या ओवरीत भिंतभर छोटे छोटे कोनाडे आहेत आणि प्रत्येकात बुद्धाच्या दोन-दोन लहान मूर्ती. बुआवान नेहमीसारखी बोलत पुढे चालली होती. पूर्वेच्या ओवरीशी वळताच लेनर्ड थांबला, वाकून एकेका कोनाड्यात बघायला लागला.

"यातली रुसलेली मूर्ती कुठली?" त्याने विचारलं.

बुआवान मागे फिरून त्याच्यापाशी आली. हे कुठल्याही पुस्तकात नाही. पाच वर्षांच्या कॉपने एका कोनाड्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, आई, हा धाकटा आईवर का रुसलाय? तेव्हापासून ती ते पाहुण्यांना सांगायची. पण म्हणून काय, हजारो पाहुणे येऊन गेले, त्यांच्यापैकी कुणी सांगितलं असेल.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो लाजला. सत्तरीचा माणूस, कानापर्यंत लाल झाला. "माझी एक मैत्रीण आहे. मालिना. इथलीच आहे. आम्ही दीड वर्ष रोज बोलतोय, म्हणजे लिहितोय. आज पंधरा-सोळा दिवस झाले, तिचं काही उत्तर नाही. शेवटी तिनेच लिहिलं होतं, मी गप्प झाले तर व्हिएन्तियानला जा, बुआवान नावाची गाइड शोध, तिच्याबरोबर शहर बघ." त्याने फोनवर फोटो दाखवला. एखाद्या नटीसारखी मुलगी, पांढऱ्या सोफ्यावर बसलेली. "तुम्ही ओळखता ना हिला?"

बुआवानने भिंतीला हात लावला. भिंत गार होती. "फोटो नीट दिसत नाही," ती म्हणाली. "ऊन आहे."

ओवरीत ऊन अजिबात नव्हतं.

हो फ्रा केवच्या पायऱ्यांशी तिने त्याला सांगितलं, आत फोटो काढायला बंदी आहे, फोन माझ्याकडे द्या. ओवरीतलं ऊन सोडलं, तर सव्वीस वर्षांत तिने पाहुण्याशी केलेली ही पहिली लबाडी. बंदी खरी होती, पण फोन कुणी काढून घेत नसे. त्याने निमूटपणे उघडाच फोन तिच्या हातात दिला, जोडे काढले आणि आत गेला.

चाफ्याखालच्या बाकावर बसून ती वाचत सुटली. वीस मिनिटं होती हाताशी.

दीड वर्षाचं बोलणं होतं ते. सकाळी 'उठलास का', रात्री 'झोप आता'. लेनर्डच्या कुत्रीच्या पायाचं ऑपरेशन कधी, ते मालिनाला बरोबर आठवत होतं. त्याच्या बायकोच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मालिनाने लिहिलं होतं, आज एकटा जेवू नकोस, फोन समोर ठेव, मीही आत्ता जेवते. मध्येच पैशांच्या गोष्टी. आईची किडनी गेली आहे, ऑपरेशन करायचंय. मग दुसरं ऑपरेशन. मग गुंतवणूक. बुआवानच्या किडन्या ठणठणीत होत्या. आणि या सगळ्याच्या अधूनमधून, तुकड्या-तुकड्याने, तिची फेरी. कमानीचं सिमेंट कसं आलं, थात लुआंगच्या कुंपणाशी पिंजऱ्यातल्या चिमण्या विकणारी म्हातारी कशी शिव्या देते, पाऊस आला तर कुठल्या छपराखाली उभं राहायचं. तिचीच वाक्यं, तिचेच विनोद.

शेवटचा मेसेज सोळा दिवसांपूर्वीचा. त्यात खाली लिहिलं होतं, बुआवानला सांग की मी पोटभर जेवते. इंग्रजीत बाई की पुरुष ते कळत नाही. लेनर्डने ते 'जेवते' असं वाचलं होतं. बुआवानला 'जेवतो' असं ऐकू आलं, त्याच्या आवाजात, आणि ते खोटं आहे हेही ऐकू आलं. लहानपणीही उपाशी असला की तो असाच न विचारता सांगायचा.

लेनर्ड बाहेर आला तेव्हा तिने तोंड धुतलं होतं.

पातुसायखाली ती बोलायचं ते सगळं बोलली. अमेरिकेने विमानाच्या धावपट्टीसाठी दिलेलं सिमेंट, त्याची आपल्या लोकांनी केलेली कमान, उभी धावपट्टी म्हणतात तिला. लेनर्ड हसला, कारण त्याला तो विनोद आधीच माहीत होता. जीभ आपली चालत होती. डोक्यात एकच घोळत होतं, या माणसाला सांगावं की नाही. सांगितलं तर हा पोलिसात जाईल. न सांगितलं तर हा इथेच कुठेतरी हॉटेलात बसून वाट बघत राहील.

थात लुआंगच्या पटांगणात उन्हाने डोळे दिपत होते. लेनर्डने सावलीत बसून खोकं उघडलं. आत निळा लोकरी स्वेटर.

"तिला ऑफिसात फार थंडी वाजते. एसी बंद करू देत नाहीत म्हणाली," तो म्हणाला. "म्हटलं, भेटली तर... नाहीतर तुम्ही पोचवाल का? तिने तुमचं नाव दिलंय म्हणजे तुम्ही जवळच्याच असणार."

बुआवानने स्वेटरवरून हात फिरवला. मऊ होता.

"मालिना नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला लिहायचा तो माझा मुलगा आहे. त्याला कोंडून ठेवलंय. मारून लिहून घेतात."

लेनर्डने स्वेटरची बाही सरळ केली, घडी घातली, खोक्यात ठेवला, रिबीन बांधायला लागला. गाठ बसेना. तिने मदतीला हात पुढे केला तर त्याने खोकं बाजूला ओढून घेतलं.

"मी घर विकलं," तो म्हणाला. "तुम्हाला कळतंय का? आता मी बहिणीच्या अंगणात गाडीत राहतो. कुत्री तिथेच मेली."

"कळतंय."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"नाही हो. तुमच्या तोंडून ती मूर्ती ऐकली तेव्हा कळलं."

तो सोनेरी कळसाकडे वळून बसला. मग त्याने विचारलं, "वर्षश्राद्धाच्या दिवशी माझ्याबरोबर जेवला तो. तेही मारून लिहून घेतलं असेल का?"

त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची बुआवानला लाज वाटली. "माहीत नाही," ती म्हणाली.

नारळपाणी त्या दिवशी कुणीच प्यायलं नाही. सेंगदावने दोघांची तोंडं बघून गाडी सरळ हॉटेलकडे घेतली.

हॉटेलच्या दारात उतरताना लेनर्डने स्वतःहून फोन पुढे केला. "तुमच्या भाषेत लिहा काहीतरी."

तिने लाओमध्ये लिहिलं, कॉप, मी आहे. तो माणूस माझ्या शेजारी उभा आहे. तू कुठे आहेस तेवढं सांग. मेसेजखाली एकच करडी खूण उमटली. दुसरी, म्हणजे पोचल्याची, उमटली नाही. दोघं दहा मिनिटं उन्हात उभी होती.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून एका सरकारी कचेरीत गेली. तिथला अधिकारी तरुण होता, वागायला चांगला होता, पंखा त्याने त्यांच्याकडे वळवला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मावशी, या साहेबांनी तक्रार दिली तर आरोपीच्या जागी तुमच्याच मुलाचं नाव लिहावं लागेल."

"मग मी हरवल्याची तक्रार देते."

"तो हरवला कुठे? कंपनीचं पत्र घेऊन, बसचं तिकीट काढून स्वतःच्या पायांनी गेलाय. आणि ती जागा सरहद्दीच्या अलीकडे का पलीकडे, तेही तुम्हाला माहीत नाही."

"म्हणजे काय करायचं आम्ही?"

त्याने कागद पुढे सरकवला. "सांगा, काय लिहू?"

तिने लेनर्डला सगळं इंग्रजीत सांगितलं. त्याने तो कोरा कागद परत सरकवला. मग उठला. "मी तक्रार देत नाही," एवढंच बोलला. बुआवानने हात जोडले, पण तो वळून बाहेर गेला होता. तिच्याशी तो नीट बोलला नाही तो नाहीच. विमानतळावर तिने सेंगदावकडून फुकट सोडायची तयारी दाखवली, तर तो हॉटेलच्या गाडीने गेला.

तरी तो गेल्यावर आठवडाभराने त्याचा मेसेज आला, अजून एकच खूण आहे. मग महिन्याने, तेच. ऑगस्टमध्ये त्याच्या बहिणीने दोन ओळी पाठवल्या. लेनर्डला दवाखान्यात ठेवलंय, त्याने स्वतःचं काहीतरी बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता, कृपा करून त्याला पुन्हा काही लिहू नका. त्याचा फोन घरच्यांनी फेकून दिला होता. म्हणजे ती दुसरी खूण उमटली तरी आता ती बघणारं कुणी नव्हतं.

बुआवानने सेंगदावला एवढंच सांगितलं, "म्हातारा आजारी आहे."

"आणि कॉपचं?"

"गाडी चालव."

पावसाळा संपत आला तेव्हा शेजारची दारावोन घरी आली. वीस वर्षांची पोर, केसांना नवा रंग. हातात मिठाईचा पुडा. उत्तरेकडे नोकरी लागली होती, दुभाष्याची, राहणं-जेवण कंपनीचं.

बुआवानने तिला आत घेतलं, दार लावलं आणि एक शब्द न गाळता सगळं सांगितलं. फोन, बंद दार, मार, तो म्हातारा, त्याचं घर. तासभर सांगत होती. कॉपचं नाव तिने इतक्या महिन्यांत कुणापुढे घेतलं नव्हतं, ते त्या दिवशी शंभरदा घेतलं. दारावोन रडलीसुद्धा.

मग नाक पुसून म्हणाली, "पण मावशी, माझी कंपनी वेगळी आहे. पत्रावर शिक्का आहे."

"त्याच्याही पत्रावर होता."

"इथे राहून तरी काय करू? बाबांचं काम सुटलंय. तुम्हालाच आठवड्याला एक फेरी मिळते आता." ती जरा थांबली. "आणि तिकडे कॉपदादा कुठे दिसला तर मी तुम्हाला कळवीन ना."

पोरीला थांबवायचे सगळे शब्द बुआवानजवळ होते, पण त्या एका वाक्याने तिच्या मनात जी आशा हलली तिची तिलाच किळस आली.

सोमवारी सकाळी सहाच्या बसने दारावोन गेली. बुआवान तिला पोचवायला गेली. बसच्या खिडकीतून तिने पोरीच्या हातात केळीच्या पानात बांधलेला चिकट भात दिला, आणि आईबापांच्या देखत पुन्हा एकदा म्हणाली, "उतर. अजून उतर." आई कावरीबावरी झाली, बाप दुसरीकडे बघायला लागला. ड्रायव्हरने दार ओढून घेतलं.

साडेआठला तिची फेरी होती. चार पाहुणे, सगळे बेल्जियमचे.