वरच्या झिऱ्याची अट

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त होती. मी मुखेडकडचा, नवाकोरा ज्युनिअर इंजिनिअर. दुष्काळात पाणीपुरवठ्याचे पंप चालवायला एक अगडबंब ट्रान्सफॉर्मर नांदेडहून यायचा होता. असल्या अवजड ट्रेलरला विशेष परवाना लागतो. कुठून जायचं, कुठं थांबायचं, सगळ्या अटी त्यात असतात. त्या अटी लिहायच्या आमच्या साहेबांनी. साहेब मोठ्या शेतकरी घरातले, पण उंटावरून शेळ्या हाकणारे नव्हते. सही करायच्या आधी रस्ता स्वतः चालून बघायचे आणि मलाही उन्हात चालवायचे. तेव्हा मी मनात त्यांना शिव्या घालायचो. आज त्यांच्याइतका आदर मला फार थोड्या माणसांविषयी वाटतो.

घोडं पेंड खात होतं ते एका नदीवर. निजामाच्या काळातला दगडी पूल एवढं वजन पेलेल, याची साहेबांना खात्री नव्हती. नदी मात्र कोरडी ठणठणीत, म्हणून ट्रेलर पात्रातून न्यायचं ठरलं. पात्रातल्या वाळूत झिरे खणलेले होते. खड्ड्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरून माणसं दिवस काढत होती. मी पुलाची मापं घेत होतो तेव्हा साहेबांनी काठावरच्या गावच्या सरपंचांना विचारलं, "गाव पाणी कुठं भरतं?" त्यांनी वरच्या अंगाचा झिरा दाखवला. साहेबांनी त्यापासून लांबची, खालच्या अंगाची गाडीवाट निवडली. काठ तेवढ्याच जागी उतरता होता. परवाना निघाला.

ट्रेलर आला त्या सकाळी मी सवयीनं नदीच्या खालच्या अंगाला गेलो. आमच्या गावातही आमची वस्ती खालीच आणि आमचं पाणीही खालीच. बघतो तर गाडीवाटेच्या ऐन मध्यावर झिरा, आणि भोवती घागरी घेऊन बसलेल्या बौद्ध वस्तीतल्या बाया. पाणी खोल जाईल तसा त्यांचा झिरा सरकत सरकत वाटेवर आला होता.

"ह्यो आमचा झिरा हाय," त्यांच्यातली म्हातारी म्हणाली. "दुसरा न्हाई."

मी साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच शांतपणे म्हणाले, "सायब, तुमी गावाचं इचारलं. वस्तीचं कुटं इचारलं?"

साहेबांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे," ते चारचौघांत म्हणाले. "गाडी इथंच उभी राहील." तिकडं अख्खा जिल्हा त्या ट्रान्सफॉर्मरकडे डोळे लावून बसला होता, आणि उशिराचा जाब त्यांनाच विचारला जाणार होता.

म्हातारी उठली. "न्या गाडी. पंप आमालाबी पायजेत. नवा झिरा उकरू, पर त्याला लगेच पाणी लागंल कशावरून? तवर आमी कुटं भरायचं, ते तुमच्या परवान्यात ल्याहा."

"कुठं भराल, मावशी?" साहेबांनी विचारलं.

तिनं नुसता हात वर केला, वरच्या झिऱ्याकडे.

"परवाना गाडीचा हाय सायब," सरपंच म्हणाले, "माणसायचा न्हाई."

साहेब ट्रेलरच्या पायरीवर बसले, परवान्यावर नवी अट लिहिली, सही केली आणि मोठ्यानं वाचली: या वाटेनं ज्यांचं पाणी मोडेल ती कुटुंबं वरच्या झिऱ्यावर पाणी भरतील, त्यांची पहिली घागर भरेपर्यंत ट्रेलर हलणार नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळे वर चालत गेलो. मला खरंच भीती वाटत होती. कोणी एक वाकडा शब्द काढला असता तर डोकी फुटली असती.

वरच्या झिऱ्यावर एका शेतकरी घरातली तरणी सून पाणी भरत होती. तिनं सरपंचांकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि आपली घागर बाजूला ओढली. "या मावशी," म्हणाली. म्हातारीनं वाटीवाटीनं घागर भरली. ती भरल्यावर साहेबांनी खाली ड्रायव्हरला हात दाखवला आणि खालचा झिरा चाकांखाली गेला.

पुढं काही दिवसांनी साहेबांनी मला तिथं पाठवलं. सरपंच रस्त्यातच भेटले. "आता वस्तीच्या नव्या झिऱ्याला पाणी लागलंय. परवान्याची मुदत सरली म्हणून सांगा त्यायला."

नवा झिरा खरंच भरला होता, पण त्यावर कोणी नव्हतं. वस्तीतल्या सगळ्या बाया वरच्या झिऱ्यावर रांगेत उभ्या होत्या. मी म्हातारीला निरोप सांगितला.

"सरली व्हय?" ती हसली आणि तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. "बरं. पी आधी, उनाचा आलास."

मी सगळ्यांदेखत प्यायलो. इंजिनिअर झालो होतो, सरकारी जीपमधून फिरत होतो, पण कुठल्याही गावाच्या वरच्या अंगाचं पाणी मी जन्मात पहिल्यांदा पीत होतो.