वरणाची बादली

आमच्या घरी कम्प्युटर आला तेव्हा मी त्याला हार घालून ओवाळलं होतं. अमरावतीतल्या आमच्या गल्लीत तो काही पहिला नव्हता, पण सांगताना मी पहिलाच सांगतो. लग्नं, बारशी, पोळे, वरूडच्या संत्रा-बागेतल्या सहली, सगळे फोटो मी त्यात ओतत गेलो. क्रमाचं नाव नाही.

मग बाळापूरजवळच्या गावात ताईचे यजमान, माझे भाऊजी, गेले. ताप डोक्यात गेला आणि अकोल्याला नेईपर्यंत सगळं संपलं. ती वर्षं अशी होती की शेतकरी माणूस कशानेही गेला, तरी भेटायला आलेले लोक आवाज खाली आणून विचारत, "फवारणीचं औषध तर नाही ना घेतलं?" ताई प्रत्येकाला ताप सांगे. ते मान हलवत, पण पटलेलं नसे.

भाऊजींचा एकट्याचा फोटो एकच होता, मतदार कार्डावरचा. फोटोवाल्याने रीतीप्रमाणे त्याला कोट चढवला, टाय बांधला, मागे निळा पडदा सोडला. ताईने तेरवीला तो पाहिला.

"हा कोन साहेब आनला रे? आन असा भेलेला काहून दिसून राहिला?"

कार्डावर सगळेच भेदरलेले असतात. पण त्या चेहऱ्यावरून आता लोक आपापलं उत्तर काढणार होते.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी ती माझ्याकडे आली. "मले हासते पाह्यजेत. तुया त्या पेटीत असतीनच कुठी तरी."

पेटीत हजारो फोटो. ते नीट लावून देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि मी तीन सॉफ्टवेअर उपवर मुलांसारखी तिच्यापुढे उभी केली. पहिल्यात फोल्डर आपणच करायचे, नावंही आपणच द्यायची.

"म्हंजे काम आपनच करा! मंग हे कायले?"

दुसरं तारखेनुसार लावणारं. बटण दाबलं आणि सगळे फोटो एकाच एक जानेवारीला जाऊन बसले. लोडशेडिंगमध्ये आम्ही कॅमेऱ्यातले सेल काढून टॉर्चमध्ये घालायचो, आणि दर वेळी कॅमेरा तारीख विसरायचा.

"तुयं लगन आन तुया पोरीचं बारसं एकाच दिवशी?" ताई म्हणाली. "कोनाले सांगू नको, बापा." वर्षभरात ती पहिल्यांदा हसली. मीही मग ती गंमत थोडी जास्तच लांबवली.

तिसरं चेहरे ओळखून लावणारं. प्रत्येक चेहऱ्याखाली ते विचारी, हे कोण? पोळ्यातल्या आमच्या बैलाच्या रंगवलेल्या कपाळाखालीही त्याने तेच विचारलं.

"बैलाचीही विचारपूस करते," ताई म्हणाली. "हेच घे."

एका फोटोखाली मी भाऊजी असं लिहिलं आणि ते एकेक करून येऊ लागले. पुढे कुठेच नव्हते. नवरा-नवरीच्या खांद्यामागे, मांडवाचा बांबू धरून, वाढप्यांच्या रांगेत. इतकी वर्षं ते फोटो मी कौतुकाने दाखवले होते. त्यांत ते आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ताई एकाशी थांबली. माझ्या मुलीच्या बारशाची पंगत. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरून नाटकी चेहऱ्याने नको-नको म्हणतोय, आणि वाकलेले भाऊजी, हातात वरणाची बादली, पळी उचललेली, डोळे मिटेपर्यंत हसताहेत.

आमच्या चौकातल्या फोटोवाल्याने फोटो मोठा करताना विचारलं, "ताई, बादली काढून टाकू? साधा कोट बसवतो."

"बादली राहू द्या भाऊ. रिकाम्या हातानं मी त्याइले कवा पाह्यलं नाई."

हसरा फोटो हा काही पुरावा नसतो, हे मला कळतं. तिलाही कळत असावं. वर्षश्राद्धाला दूरच्या नात्यातले एक काका आले, सवयीने आवाज खाली आणला, "कसं झालं म्हने..." म्हणून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि अडखळले.

"हे कोनाच्या पंगतीतलं?" त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं.

ताईने त्यांना पाट दिला आणि बारशापासून सुरुवात केली.