दोन देश, एक टोपली

कोणी पैशाची गोष्ट काढली की गुरुजी हातातली भाकर मोडायचे. भाकर नसली तर हवेतच मोडायचे आणि म्हणायचे, "आकडा नोका सांगू. वाटा सांगा."

मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर चौथीपर्यंतची शाळा होती. गुरुजी तिथले एकटे शिक्षक. राहायला शेजारच्या गावात, बौद्धपुऱ्यात. घरातले पहिले मॅट्रिक. मी तेव्हा वाशीमहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. आमची ओळख भांडणातून झाली.

सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, आणि नेपाळ या दोन लहान देशांची सरकारे शिक्षणावर किती खर्च करतात, असे एक टिपण मी लिहिले होते. दोन्ही रकमा एकाखाली एक छापून आल्या. ते वाचून गुरुजी एस.टी.ने वाशीमला आले. दोन घरांनी किती ज्वारी दळली, यावरून काही कळत नाही. दळलेल्यातली पोरांच्या ताटात किती गेली ते सांगा, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, नुसत्या वाट्यानेही भागत नाही, ताटे किती तेही बघावे लागते. यावर ते खूश झाले. भांडायला माणूस मिळाला की ते खूश होत. चहाही त्यांनीच पाजला.

पुढे ते टिपण त्यांनी वर्गात शिकवले. मुलांच्या दोन रांगा केल्या, एक सिलोन, एक नेपाळ. नेपाळच्या रांगेतले पोट्टे भर उन्हात कुडकुडायचे, असे ते हसून सांगत. चौथीतली झमकू सिलोनात होती. तिने विचारले, "गुरुजी, तिथले लेकरं सीझनले मायबापासंग कुठं जातेत?"

हा प्रश्न घेऊन ते पुन्हा माझ्याकडे आले. मी संदर्भग्रंथ काढून दाखवला. त्यात शाळा होत्या, शिक्षक होते, खर्च होता. असा रकाना नव्हता.

"मंग तिले काय सांगू?" गुरुजी म्हणाले.

तांड्यापुरते या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक होते. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येई आणि माणसे ऊसतोडीला जात. मुलेही जात. पट कागदावर राही, वर्ग रिकामा होई. त्या वर्षी गुरुजी झमकूच्या बापाकडे जाऊन बसले. पोरगी चौथी पास होऊ दे, तिच्या पोटाचे मी बघतो, असे म्हणाले. बाप तयार झाला. त्याचे पाहून आणखी काही मुले म्हाताऱ्यांजवळ मागे राहिली.

पोटाचे बघायचे म्हणजे गुरुजी सकाळी टोपली घेऊन गावात फिरत. घरटी भाकर मागत. आधी बौद्धपुरा, मग पाटीलपुरा. टोपली एकच. ती डोक्यावर घेऊन तांड्यावर जात. गावात थट्टा होई, "मास्तर, पगार बंद झाला काय?" ते म्हणत, "मी सरकार आहो. कर वसूल करून राह्यलो."

काही आठवड्यांनी पाटीलपुऱ्यातल्या एका शेतकऱ्याने त्यांना ओट्यावर बसवले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांत जास्त भाकरी त्याच्याच घरून येत. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरचं अन् तिकडचं एका टोपल्यात नोको. दोन टोपल्या करा. मी दुप्पट देतो."

गुरुजी उठले. दुसऱ्या दिवशीही ते एकच टोपली घेऊन निघाले. पाटीलपुऱ्यातली दारे हळूहळू मिटत गेली. बौद्धपुऱ्याने आपल्या घासातले दिले, पण ताटे तितकीच होती.

संक्रांतीला झमकूचा बाप आला. पोरगी वाळलेली दिसली. तो रागावला नाही. "गुरुजी, तिकडं पोटाले तरी भेटते," म्हणाला आणि तिला घेऊन गेला. उरलेली मुलेही त्या आठवड्यात गेली.

उन्हाळ्यात तांडा परतला. झमकूचे कुटुंब परतले नाही. ते दुसऱ्या मुकादमाबरोबर पुढे गेले, एवढेच लोकांना माहीत होते. गुरुजींनी मला सांगून ठेवले होते, कुठल्याही कारखान्याची बातमी आली तर विचारून बघा. मी विचारत असे. हाती काही लागले नाही.

एकदा ते स्वतःहून बोलले. "दोन टोपल्या केल्या असत्या तं पोट्टी राह्यली असती." मग म्हणाले, "पन दोन टोपल्या माह्यानं उचलल्या गेल्या नसत्या." दोन्ही वाक्ये त्यांनी एकाच आवाजात म्हटली.

पोहरादेवीची रामनवमीची यात्रा तुमच्यापैकी कोणी पाहिली असेल. गावोगावचे तांडे तिथे येतात. गुरुजी दरवर्षी तिथे जात, पण देवळात जात नसत. ट्रक रिकामे होतात त्या वळणावर बाभळीखाली टोपी घालून, छत्री घेऊन उभे राहत आणि उतरणाऱ्या पोरींचे, पुढेपुढे बायकांचे, चेहरे बघत. ओळखीचे लोक टोमणा मारत, "बुद्धाचा माणूस देवीले नवस बोलला काय?" ते हसत नसत.

झमकू गेल्याला आठ-नऊ वर्षे होत आली होती, साठचे दशक संपत आले होते. त्या वर्षी मी यात्रेच्या बातमीसाठी गेलो होतो आणि त्यांच्याशेजारी उभा होतो. कडेवर मूल घेतलेली एक बाई ट्रकमधून उतरली. गुरुजी पुढे झाले आणि तिचा चेहरा बघत राहिले. बाईने पदर ओढून घेतला.

"मी नाही ते, गुरुजी," ती म्हणाली आणि गर्दीत शिरली.

गुरुजी माझ्याकडे वळले. "तिले कोनं सांगतलं मी गुरुजी आहो म्हून?"

मी म्हणालो, टोपी आणि छत्री बघून कोणीही गुरुजीच म्हणेल. त्यांनी मान हलवली. मग ते त्या गर्दीच्या दिशेने चालू लागले, देवळाकडे, जिथे ते कधी गेले नव्हते. बराच वेळ ती पांढरी टोपी दिसत होती. ती बाई झमकू होती का, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. पुढच्या वर्षी त्या बाभळीखाली कोणी नव्हते.