त्रिंबकनं खंदलेली हराळी

चकलांब्याच्या त्रिंबकच्या रानात हराळीची एक काडी सापडायची नाही. हा गडी स्वतः उन्हाळाभर कुदळीनं मुळ्या खंदायचा आणि संध्याकाळी हॉटेलात चहा पीत दुसऱ्यांच्या रानाची उणीदुणी काढायचा. त्यातही गावातल्याच वत्सलाबाईचं रान त्याच्या तोंडी फार. ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. माघारी येईस्तोवर हराळी बांध सोडून मधल्या पट्ट्यात उतरलेली असायची. “वहिनीनं औंदा बी हराळीच पेरली,” म्हणून त्रिंबक हॉटेल हसवायचा. आता खरी गंमत सांगतो. गणपतीत त्याचीच बायको छबुबाई दूर्वा खुडायला वत्सलाबाईच्या बांधावर जायची. दूर्वा म्हणजे हराळीच की, घरच्या रानात मिळणार कुठून? पण हे त्याच्या तोंडावर कोण बोलणार!

गावाचं गायरान चोपण, म्हणजे खारवट, चिकट मातीचं. उन्हाळ्यात पांढरंफटक, पावसाळ्यात नुसता राडा. तिथं गवत लावायचं ठरलं तेव्हा देखरेखीला अर्थातच त्रिंबक. कृषी सहायक रविराजनं माती तपासून सांगितलं होतं, की इथं पवना गवत धरायचं नाही, आधी आपसूक उगवेल त्याला जगू द्या. त्रिंबकनं मान हलवली आणि पवनाच लावला. डोंगरावरच्या पवन्यावर बैलं कशी तुकतुकीत होतात हे त्यानं पाहिलं होतं ना.

पवना पिवळा पडून मेला. पण त्याच पांढऱ्या चट्ट्यांवर हिरवे धागे सरकायला लागले. हराळी! त्रिंबकला ते बघवेना. त्यानं माणसं लावून ती मुळासकट खंदली, वाळवली आणि स्वतःच्या हातानं पेटवून दिली.

पुढच्या पावसाळ्यात रविराज आला. गायरान पुन्हा बोडकं. “इथं हराळी धरली होती ना? कुठं गेली?” त्यानं विचारलं. जमलेली माणसं आपापल्या चपलांकडं बघायला लागली. कोणी हसलं असतं तर त्रिंबकनं परतफेड केली असती. कोणी हसलंच नाही.

“मी काढली,” तो म्हणाला.

रविराजनं एवढंच सांगितलं, की या खारवट मातीत हराळीच तग धरते, ओल आहे तोवर तिच्या मुळ्या आणून लावा. मुळ्या कोणाच्या रानात आहेत, हे चकलांब्यात कोणाला विचारायची गरज नव्हती.

त्रिंबक त्या बांधापर्यंत जाऊन माघारी आला, तेही एकदा नाही. मग छबुबाईला गळ घातली, की तुझं येणंजाणं हाय, तू माग. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “दूर्वा मी मागते दरसाल. हे तुमचं तुमी मागा.”

शेवटी गेला. वत्सलाबाई खुरपत होती. कुदळ पाठीमागं धरून त्यानं जमिनीकडं बघत शब्द टाकला. तिनं खुरपं थांबवलं नाही.

“न्या की भावजी, लई हाय. पर हितं कावून मागता? हाटेलात मागा, माणसं बसल्यावर. मला कळंल.”

त्या संध्याकाळी त्रिंबकनं हॉटेलात मागितली. चहा तसाच गार झाला.

सकाळी तो तिच्या रानात वाकून मुळ्या काढत होता. तुटू नयेत म्हणून कुदळ टाकून बोटांनीच. त्या दिवशी निम्म्या गावाचं त्याच वाटेनं काम निघालं. जो तो थांबायचा, “रामराम त्रिंबकराव” म्हणायचा. आजवर त्याला राव कोणी म्हटलं नव्हतं. तो खाली मान घालूनच रामराम घ्यायचा आणि पुढच्या मुळीला हात घालायचा.