नामदेवमामांची बांधी

एखाद्या माणसावर लिहायचं, तर लिहिणाऱ्याला ते जमायला हवं. मला जमेल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात, तेही जबलपूरच्या शेतकी कॉलेजात, गेलेला मी पहिला. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नामदेवमामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. लोधीखेड्याजवळ त्यांचं शेत. सगळीकडे संत्रा आणि कापूस, फक्त नाल्याकाठच्या एका खोलगट बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, पाणी साचायचं म्हणून धान. युरिया द्यायच्या आदल्या दिवशी मामा बांध फोडून पाणी काढून टाकत, चिखलात खत फेकत, मग एकदोन दिवसांनी पुन्हा पाणी धरत. असं हंगामात तीनदा. संत्र्याला फुलावर आणायला आमच्याकडे पाणी तोडतात, म्हणून येणारेजाणारे विचारत, धानालेबी ताण देऊन राहिले का मामाजी, बहार धरता का? मामा फावडं न थांबवता म्हणत, "भरल्या पाण्यात फेकलं तं नाल्यातले बेडूक खातीन. माह्या धानाले काय भेटन?"

आमच्या पुस्तकातही हेच लिहिलंय, असं मी एकदा सांगितलं. मामांनी विचारलं, "त्या पुस्तकाचं शेत कोन्या गावाले हाय, भाचेबुवा?"  आणि दिवसभर हसत राहिले.

त्यांच्या मुलाला, गजूदादाला, ती बांधी माती टाकून भरायची होती. तिथंही संत्रा लावायचा होता. धान ठेवायचंच तर खत एकदाच टाकून मोकळं व्हावं, तीनदा वाकायची मजुरी कोण धरणार, असं त्याचं म्हणणं. मामा म्हणाले, मजुरीसकट हिशेब धरू. त्यांनी बांधीच्या मधोमध बांध घातला. अर्ध्यात मामांची पद्धत, अर्ध्यात दादाची. दोन्हीकडचं धान वेगळं चुरायचं, म्हणजे मळायचं, आणि खर्च वजा करायचा. मामांकडे जास्त उरलं तर बांधी राहील, नाहीतर संत्रा. "हरलो तं पहिला खड्डा मीच खोदतो," मामा म्हणाले. धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा मी जबलपूरला परत गेलो.

परीक्षा संपली आणि मी बसने सौंसरला उतरलो. दरवेळी मामांकडे थांबूनच पुढे पांढुर्ण्याला, घरी जायचो. स्टँडवर गजूदादा उभा होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

मी बॅग खाली ठेवली, परत उचलली. तेरवीही होऊन गेली, असं तो म्हणाला. तुझी परीक्षा होती म्हणून आत्याने, म्हणजे माझ्या आईने, सांगू दिलं नाही. मामांना नागपूरच्या दवाखान्यात नेलं होतं.

मला रडू आलं नाही. मी विचारलं, कोणत्या अर्ध्यात जास्त झालं?

दादाने माझी बॅग घेऊन गाडीला अडकवली आणि सांगायला लागला. घरचे सगळे दवाखान्यात, आणि धान उभ्यानं गळायला लागलं होतं. म्हणून गाववाले आपणहून आले आणि एका दिवसात सगळी बांधी कापून, चुरून मोकळे झाले. एकच ढीग घातला. कोणाला काय बोलणार?

"बाबानं मले तेच विचारलं," तो म्हणाला. "मी म्हटलं, तुमचं जास्त झालं. थे म्हने, पाह्य गजू, म्हटलं होतं ना. रात्री गेले."

त्याने गाडी सुरू केली.

"आता त्या बांधीत संत्रा कसा लावू, तू सांग."