डालग्याखालचा अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या घरी वर्षभर अ‍ॅम्प्लिफायर बिनझाकणाचा चालला, आणि तसा चालवायचा हे मीच ठरवलं होतं.

अ‍ॅम्प्लिफायर बाबांचा. बोर्डीला ज्या चिकूच्या वाडीत ते काम करतात, तिथल्या मालकांनी नवा घेतला आणि जुना बाबांना दिला. कामावरून आले की बाबा त्यावर भजनं लावतात. मागच्या वर्षी तो बंद पडला. मी तो पिशवीत घालून डहाणू रोडला नेला. तिथे दुरुस्तीच्या दुकानात माझा मित्र काम करतो. तलासरीच्या वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत होतो. तो मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. मी तापाने पडलो तेव्हा रोज डबा त्यानेच आणला होता.

चार दिवसांनी त्याने अ‍ॅम्प्लिफायर दिला. झाकण वेगळं, कागदात गुंडाळलेलं. "हे लावू नको. आतून तापतो, हवा लागली पाहिजे. शौकीन लोक उघडाच चालवतात."

मी मान डोलावली.

"उघडा कसा ठेवायचा?" घरी बाबा म्हणाले. "पाली हायेत, कोंबड्या हायेत."

"बाबा, उष्णता बाहेर जायला हवी. सायन्स आहे ते."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबांनी वाद घातला नाही. फक्त कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं आणून त्यावर पालथं घातलं. "आता अंडी देईल वाटतं," मी म्हणालो. आई हसली, बाबा नाही.

या वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक उपकरण उघडताना सरांनी आम्हाला मागे सारलं. प्लग काढला तरी आत वीज साठलेली असू शकते, म्हणाले. झाकणाच्या फटी हवा कुठून यावी, कुठून जावी हे बघून पाडलेल्या असतात. झाकण काढलं म्हणजे जास्त गार राहतं असं नाही. मला डालग्याशेजारी खेळणारी माझी लहान बहीण आठवली.

रविवारी घरी जाऊन झाकण लावायला घेतलं. बसेना. बोटभर वरच राहिलं. आतला ट्रान्सफॉर्मर चौकोनी, उंच. तोच अडत होता. त्याच्याभोवती तळाच्या पत्र्यावर मोठा गोल ठसा होता. आधीचा ट्रान्सफॉर्मर गोल आणि चपटा असणार.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "दादा, जुना ट्रान्सफॉर्मर कुठे आहे?"

त्याने मान वर केली नाही. "एका गिऱ्हाइकाला अर्जंट पाहिजे होता. वाजतोय ना तुमचा? भजनांना अजून काय लागतं?" मग हसला. "कॉलेजात जाऊन लई इंजिनियर झालास रे."

त्याने चहा मागवला. मला नको म्हणता आलं नाही. वसतिगृहात मी प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारायचो, आणि तो सांगेल ते करायचो. त्याने लावू नको म्हटल्यावर मी झाकण लावून बघणार नाही, हे त्याला माहीत होतं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"तोच ना, डबा आणायचा तो?"

"हो."

बाबांनी प्लग काढला, डालगं सरळ केलं. "मग आता काय करायचं? तू शिकलेला, तू सांग."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला त्यांच्याकडे बघवेना.

"मला नाही माहीत, बाबा. विचारून सांगतो."

"कोणाला?" बाबांनी विचारलं.