गळलेली ओळ

माझी ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी कागदावरच्या चुका पकडायची. मी त्याच छापखान्यात बाइंडिंगला. छापखान्यात तिचा मान, घरी मात्र मी धाकटी, म्हणजे हक्काची मोलकरीण.

तपासायचं काम जोडीचं. एकाने लेखकाचं मूळ लिखाण मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून बघायचं. वाचायला होते मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, मागे-पुढे कोणी नाही, आणि आवाज असा, की वाण्याची यादी वाचली तरी ऐकत बसावं. विरामचिन्हंसुद्धा वाचायचे. "तो आला स्वल्पविराम बसला पूर्णविराम." ताईने उभी हयात त्या आवाजासमोर मान खाली घालून काढली. लोकांच्या जिभेला काय, हाड नसतं. मीही एकदा न राहवून म्हटलं, "लग्न तरी करून टाका." तर म्हणाली, "कशाला? रोज बोलतोच की." बोलायचे कसले! दुसऱ्यांनी लिहिलेलं एकमेकांना ऐकवायचे.

मग मास्तर गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. ताईने छापखान्यात जाणं सोडलं. मालक भला, तो कागद घरी पाठवू लागला. ही दुपारपर्यंत अंथरुणातच. ऊठ म्हटलं की म्हणायची, "कशाला?" आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. मी चिडायचे, भांडी आदळायचे. ही ढिम्म. जेवणही दोन घास. वाळून काटकी झाली होती आणि मला भीती वाटायला लागली होती, की ही अशीच पडून पडून एक दिवस मास्तरांच्या मागे निघून जाईल.

अशात ते पुस्तक आलं. रोमँटिक म्हणतात त्या जुन्या, निसर्गवेड्या इंग्रज कवींच्या शोकगीतांवर एका प्राध्यापकांनी लिहिलेलं. ताई पडल्या पडल्या वाचायची आणि मला सांगायची. मित्र मेला की हे कवी आधी मेंढपाळ व्हायचे.

"जन्मात कधी मेंढी हाकलेली नाही," ताई म्हणाली, "पण रडायचं म्हटलं की मेंढपाळ."

मेलेलाही मेंढपाळच. आपण दोघं एकाच टेकडीवर कळप चारत होतो, असं म्हणायचं. मग नदी रडणार, झाडं पानं गाळणार. मग वनदेवतांना जाब विचारायचा, की तो मरत होता तेव्हा तुम्ही कुठे उलथला होतात? हे ताईला पटलं. "विचारायलाच पाहिजे," म्हणाली. मग रडणाऱ्यांची रांग, मग फुलं, आणि फुलांची नावं अगदी ओळीने. आणि मग कवीला एकदम उमगतं, की मित्र मेलाच नाही, तो निसर्गात मिसळलाय, पाखराच्या गळ्यात आता त्याचाच आवाज आहे.

"पाखराचा आवाज घेऊन मी काय करू?" ताईने कागद बाजूला ठेवला. "मला त्यांचा हवाय. मला ते हवेत गं, धाकटे."

असं तिने तोंडातून कधी काढलं नव्हतं. मी उठून चहा टाकला.

शेवटच्या पानावर गाडी अडली. तिथे सगळं रडून झाल्यावर मेंढपाळ उठतो आणि नव्या कुरणाकडे चालू लागतो. तशी प्रथाच आहे म्हणे. ताईने समासात लिहिलं, 'इथे ओळ गळली आहे.' मालकाने मूळ लिखाण काढून पाहिलं. काहीही गळलं नव्हतं. ताई हटेना.

"वरच्या ओळीत धाय मोकलून रडतोय आणि खालच्या ओळीत उठून चालायला लागला? मध्ये काहीतरी असणारच. ते आल्याशिवाय मी सही करणार नाही."

तिच्या सहीशिवाय छपाई नाही. मालक मला म्हणाला, "बहिणीचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा बरं आहे."

शेवटी प्राध्यापकच घरी आले. उतारवयाचे, शर्टाचं एक बटण तुटलेलं. आता हे व्याख्यान झोडणार, असं मी धरूनच चालले होते. ते ताईच्या कॉटजवळ खुर्ची ओढून बसले आणि ते पान त्यांनी पुन्हा वाचलं.

"बाई, ओळ गळलेली नाही. सगळ्याच शोकगीतांत हे असंच आहे. रडतात आणि उठतात. मधलं कोणीच लिहिलेलं नाही."

"का?"

"कोण जाणे. बायको गेल्यावर मीही तेच शोधत होतो. शोधता शोधता हे पुस्तक झालं."

ताई उशीला टेकून बसली. "मग तुम्ही कसे उठलात?"

ते ओशाळले. "दूधवाला बेल वाजवतो हो. घरात दुसरं कोणी नाही. दार उघडावं लागतं."

ताईने त्यांच्या हातातलं पान घेतलं. मग तिने सही केली. "आमच्याकडे दूध ही घेते," माझ्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सवयीने माझे पाय जमिनीला लागले होते. ते वर ओढून घेतले आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं. पुन्हा बेल. "धाकटे, दूध," ताईने आतून हाक मारली. मी मेल्यासारखी पडून राहिले. दूधवाला आधीच तोंडाचा फाटका, तो दार बडवत काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. वाटलं, जाऊ दे, उठावं. उठले नाही.

मग ताईची कॉट करकरली. मला एक सणसणीत शिवी हासडून, भिंतीला धरत धरत, ती स्वयंपाकघरात गेली. फळ्यांवरची भांडी वाजायला लागली. पातेलं कुठे असतं, ते तिला सापडत नव्हतं. मी सांगितलं नाही.